‘नियमबद्ध सापळा’ : एका विशेषणाची चिकित्सा

१

वन्यजीव-व्यवस्थापनाविषयीच्या आधुनिक वाङ्मयात, विशेषतः उत्तर अमेरिकेतील शासकीय खात्यांच्या आणि सापळाधारकांच्या संघटनांच्या लेखनात, ‘नियमबद्ध सापळा’ ह्या अर्थाची संज्ञा वारंवार भेटते. परवाना घेतलेल्या माणसाने, ठरलेल्या मोसमात, मान्य केलेल्या साधनाने, ठरलेल्या जातीचा प्राणी पकडावा किंवा मारावा, हा तिचा वाच्यार्थ होय. ह्या पद्धतीने प्राण्यांची संख्या मर्यादेत राहते, पिकांचे व गुरांचे रक्षण होते, आणि प्राण्यांकडून माणसाकडे येणाऱ्या रोगांना आळा बसतो, असे तिचे समर्थन करण्यात येते. हे समर्थन सर्वस्वी पोकळ आहे असे नाही. तिचा प्रतिवादही पुष्कळ होतो. परंतु तो बहुधा सापळ्यात सापडलेल्या प्राण्याच्या यातनांपाशी सुरू होऊन तेथेच थांबतो. ह्या दोन्ही पक्षांच्या वादात एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ‘नियमबद्ध’ हे विशेषण नेमके कशाचे आहे?

व्याकरणाच्या दृष्टीने ते सापळ्याचे आहे. साधन कसले असावे, ते कोणी व केव्हा लावावे, किती वेळाने तपासावे, एवढे ते सांगते. युक्तिवादाच्या ओघात मात्र तेच विशेषण नकळत सरकून परिणामाला जाऊन चिकटते. सापळा नियमात आहे, म्हणून संख्या नियंत्रणात आहे. संख्या नियंत्रणात आहे, म्हणून रोग आटोक्यात आहे, अशी ती साखळी होय. तिच्यातील पहिला दुवा परवान्याचा कागद पाहून तपासता येतो. पुढचे दुवे शेतात, गोठ्यात आणि रुग्णांच्या नोंदवहीत तपासावे लागतात, आणि तेथे उत्तर प्रत्येक वेळी निराळे मिळते. विशेषणाचे हे सरकणे कोठे न्याय्य ठरते आणि कोठे घातक, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

आरंभी मराठीतील जुन्या शब्दसंग्रहाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ‘वाघूर’ हा शब्द संस्कृत ‘वागुरा’ ह्यापासून आलेला असून हरणे, ससे इत्यादींना अडकविण्याचे जाळे असा त्याचा अर्थ आहे; ध्वनिसाम्यामुळे त्याचा संबंध वाघाशी जोडण्याचा मोह होतो, पण त्याला आधार नाही. ‘फास’ हा ‘पाश’ शब्दाचा वंशज. ‘पिंजरा’ हा ‘पञ्जर’ शब्दावरून आला. संस्कृतात ‘पञ्जर’ म्हणजे पिंजरा, आणि बरगड्यांचा सांगाडाही. मराठीत ‘सापळा’ हाडांचाही असतो आणि उंदरांसाठीही असतो. दोन्ही ठिकाणी मूळ कल्पना चौकटीची आहे. ‘पारध’ हा शब्द प्राकृत ‘पारद्धि’शी जोडला जातो. संस्कृत कोशांत त्याच अर्थाने येणारे ‘पापर्द्धि’ हे रूप म्हणजे प्राकृत शब्दाचे मागाहून केलेले संस्कृतीकरण असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. तसे असेल, तर शिकारीच्या नावातच पाप पाहण्याची दृष्टी ह्या संस्कारामागे असली पाहिजे.

पारध्यांच्या पोटभेदांची नावे ह्या संदर्भात बोलकी आहेत. फासे-पारधी फास लावून तित्तर, लावे आणि हरणे धरीत. गाय-पारधी शिकविलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जात. चित्ता-पारधी माणसाळविलेल्या चित्त्याकडून काळवीट धरवीत. नाव साधनावरून पडले, आणि साधन सावजाच्या सवयींवरून ठरले. म्हणजे ह्या शब्दसंग्रहात ‘प्राणी पकडणे’ अशी एक सामान्य क्रिया नाही. अमुक प्राणी, अमुक वाटेवर, अमुक उपायाने धरणे, अशा अनेक विशिष्ट क्रिया आहेत.

प्रशासनाची भाषा ह्याच्या उलट दिशेने जाते. इंग्रजी व्यवस्थापन-वाङ्मयात प्राणी मारण्याला ‘हार्वेस्ट’ म्हणतात. सुगीचा हा शब्द मराठीत जसाच्या तसा आणून ‘कोल्ह्यांची कापणी’ असे म्हटले, तर वाचक हसेल. पण ते हसू येते म्हणूनच मूळ प्रयोगातील रूपक उघडे पडते. ज्याने पेरले तोच कापतो, आणि कापल्यावर पुन्हा पेरतो, हा सुगीचा गर्भितार्थ रानातल्या प्राण्याला लागू करण्यात आला आहे. मराठी वृत्तपत्रांतील ‘बिबट्या जेरबंद’ हा मथळाही असाच पाहण्याजोगा आहे. ‘जेरबंद’ हा फारसीतून आलेला शब्द मूळचा घोड्याच्या सरंजामातील. घोड्याने मान वर झुगारू नये म्हणून त्याच्या तोंडाकडून छातीखालून तंगापर्यंत बांधावयाचा पट्टा, तो जेरबंद. ज्या जनावरावर स्वार व्हावयाचे, त्याला आवरण्याचे हे साधन आहे. बिबट्या पिंजऱ्यात शिरला की हा शब्द वापरला जातो, आणि त्याबरोबर प्रकरण आवरले गेले, असा भावही वाचकाच्या मनात उतरतो. ते खरोखर आवरले गेले की काय, ह्याचा विचार पुढे येईल.

कायद्याची परिभाषा ह्या दोहोंपेक्षा अधिक सावध आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ ह्या संज्ञेच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, फास लावणे, सापळा लावणे आणि आमिष दाखविणे ह्यांचाही समावेश आहे. म्हणजे भारतीय कायद्यात सापळा हा मुळात निषिद्ध असून अनुज्ञा हा अपवाद आहे. उत्तर अमेरिकेतील बहुतेक प्रदेशांत तो परवान्याने चालणारा व्यवसाय किंवा छंद आहे. ह्याच अधिनियमाच्या ६२ व्या कलमान्वये केंद्र शासन विशिष्ट वन्य प्राण्यांना विशिष्ट क्षेत्रापुरते व कालापुरते ‘पीडक’ म्हणून घोषित करू शकते. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात शिमला शहरापुरते माकड ह्यांना अशा रीतीने पीडक ठरविण्यात आले होते. कावळे, उंदीर, फळे खाणारी वटवाघळे इत्यादींची स्वतंत्र पीडक-अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने वगळली गेली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. ६२ व्या कलमाचा अधिकार मात्र कायम आहे. तेव्हा प्राण्याचा स्वभाव तोच राहतो आणि राजपत्रातील एका शब्दाने त्याचे स्थान बदलते. शब्दाच्या हाती इतके सामर्थ्य असेल, तर त्याच्या अर्थाची छाननी हा केवळ भाषाभ्यासकांचा विनोद राहत नाही.

३

ज्या ठिकाणी ‘नियमबद्ध’ हे विशेषण सापळ्यावरून परिणामापर्यंत यथार्थपणे पोहोचते, त्या उदाहरणांना प्रथम न्याय दिला पाहिजे.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात पाणमांजर जवळजवळ नाहीसे झाले होते. १९८२ पासून सुमारे दहा वर्षांत लुइझियाना राज्यात सापळ्यांनी जिवंत पकडलेली आठशेहून अधिक पाणमांजरे तेथे आणून सोडण्यात आली आणि ती तेथे रुजली. येथे सापळ्याने प्राणी वाढविला. समर्थक हे उदाहरण देतात आणि ते देण्याचा त्यांना अधिकार आहे. फक्त ह्या यशावरून कातड्यासाठी मारण्याच्या सापळ्याचे समर्थन होत नाही, कारण दोन्ही ठिकाणी साधन एक असले तरी क्रिया दोन आहेत.

दुसरे उदाहरण पूर्व इंग्लंडमधील कॉइपूचे. दक्षिण अमेरिकेतील हा मोठा पाणकुरतड्या प्राणी कातड्यासाठी इंग्लंडात आणला गेला, पाळणुकीतून निसटला, आणि दलदलीच्या प्रदेशातील कालव्यांचे बांध पोखरू व पिके खाऊ लागला. अनेक वर्षे त्याला ‘आटोक्यात ठेवण्याचे’ प्रयत्न झाले. १९८१ मध्ये धोरण बदलले आणि समूळ उच्चाटन हे उद्दिष्ट ठरले. चोवीस सापळेकऱ्यांचे पथक नेमण्यात आले. त्यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण होती. प्राणी संपला की त्यांची नोकरीही संपणार होती. म्हणून मुदतीआधी काम पुरे झाल्यास मोठे बक्षीस मिळेल, आणि विलंब होईल तसे ते घटत जाईल, अशी योजना करण्यात आली. १९८९ पर्यंत काम पूर्ण झाले. येथे नियम केवळ सापळ्याच्या बनावटीला लागू नव्हता. काम केव्हा संपले असे म्हणावयाचे, हेही त्यात ठरलेले होते. शिवाय प्राणी परका होता, प्रदेश मर्यादित होता, आणि बाहेरून त्याची पुन्हा भर पडण्याचा संभव नव्हता.

तिसरे उदाहरण प्रत्यक्ष लोकारोग्याचे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९६ साली जनमताने पाय किंवा शरीर आवळून धरणाऱ्या बहुतेक सापळ्यांवर बंदी आली. त्यानंतर बीव्हर ह्या नदीनाल्यांवर बांध घालणाऱ्या प्राण्याची संख्या वाढली. विहिरी, सांडपाण्याच्या टाक्या आणि रस्ते पाण्याखाली जाण्याच्या तक्रारीही वाढल्या. २००० साली कायद्यात दुरुस्ती झाली. बंदी उठविण्यात आली नाही. परंतु बीव्हरमुळे लोकांच्या आरोग्यास वा सुरक्षिततेस धोका उत्पन्न झाल्यास स्थानिक आरोग्यमंडळाने दहा दिवसांचा तातडीचा परवाना द्यावा, अशी तरतूद झाली. धोका कशाला म्हणावे, ह्याचे प्रकारही कायद्यातच नोंदविले गेले: पिण्याच्या पाण्याची विहीर बुडणे, सांडपाण्याची व्यवस्था बंद पडणे, रस्ता वा वीजकेंद्र ह्यांना बाध येणे, इत्यादी. ह्या तरतुदीबद्दल मतभेद असू शकतात. पण भाषिक रचनेच्या दृष्टीने ती आदर्शवत् आहे. प्रयोजन, स्थळ, काल आणि निर्णयाचा अधिकारी ही चारही पदे वाक्यात उपस्थित आहेत. विहिरीवरचे पाणी ओसरले की परवान्याचे कारण संपले, हे कोणालाही पाहता येते.

४

आता ज्या ठिकाणी विशेषण परिणामापर्यंत पोहोचत नाही, त्याचे सर्वात काटेकोर उदाहरण पाहावयाचे. तेही इंग्लंडातलेच आहे, आणि तेथील सापळ्याचे नियमन इतके बारीक होते की शैथिल्याची सबब कोणालाही पुढे करता येणार नाही.

बॅजर हा बिळांतून गटाने राहणारा निशाचर प्राणी. गुरांच्या क्षयरोगाचे जंतू त्याच्यात आढळतात, आणि त्याच्यापासून गुरांना रोग जडतो. तेव्हा बॅजर कमी केले तर गुरांतील क्षय कमी होईल, हे अनुमान स्वाभाविक वाटते. १९९७ साली प्राध्यापक जॉन क्रेब्ज ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे अनुमान प्रयोगाने तपासावे अशी शिफारस केली. १९९८ पासून प्रत्येकी सुमारे १०० चौरस किलोमीटरची तीस क्षेत्रे निवडून त्यांचे दहा त्रिकुटांत विभाजन करण्यात आले. प्रत्येक त्रिकुटातील एका क्षेत्रात बॅजर सरसहा पकडून मारावयाचे. दुसऱ्यात ज्या शेतावर गुरांना रोग आढळेल त्याच्या आसपासचेच मारावयाचे. तिसऱ्यात केवळ पाहणी करावयाची. पकडण्यासाठी पिंजरे वापरले गेले. सुमारे अकरा हजार बॅजर मारले गेले.

फळ अनपेक्षित होते. रोग आढळेल तेथेच मारण्याची पद्धत सर्वात विवेकी व काटकसरीची वाटत होती. तिच्या क्षेत्रांत गुरांतील क्षय वाढल्याचे दिसून आल्यावर २००३ च्या नोव्हेंबरात ती थांबविण्यात आली. सरसहा मारलेल्या क्षेत्रांत रोग सुमारे २३ टक्क्यांनी घटला, परंतु त्यांच्या सीमेबाहेरच्या दोन किलोमीटरांच्या पट्ट्यात तो सुमारे एक-चतुर्थांशाने वाढला. ह्याचे स्पष्टीकरण प्राण्याच्या सामाजिक जीवनात सापडले. बॅजरांचे गट आपापल्या हद्दी राखून असतात. त्यांतील काही मारले की उरलेल्यांच्या हद्दी मोडतात, ते दूरवर भटकू लागतात, आणि रोग बरोबर नेतात. स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या मंडळाने प्राध्यापक जॉन बोर्न ह्यांच्या अध्यक्षतेखाली २००७ साली अंतिम अहवाल सादर केला. बॅजर मारण्याने ब्रिटनमधील गुरांच्या क्षयाच्या नियंत्रणास अर्थपूर्ण हातभार लागणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा इतिहास येथेच संपत नाही, आणि तो अर्धवट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मारणे थांबल्यानंतरच्या वर्षांत सीमेबाहेरची वाढ ओसरत गेली आणि आतील घट काही काळ टिकली, असे पुढील निरीक्षणांत दिसले. अधिक मोठी क्षेत्रे आणि नद्या, समुद्रकिनारे ह्यांसारख्या नैसर्गिक सीमा घेतल्यास लाभ अधिक होईल, असा तर्क मांडून शासनाने २०१३ पासून पुन्हा बॅजर मारण्यास प्रारंभ केला. २०२४ मध्ये नव्या शासनाने चालू संसदेच्या कालावधीअखेर ते थांबविण्याचा मनोदय जाहीर केला. मत कोणतेही असो, एक गोष्ट निर्विवाद आहे. पिंजरा, परवाना आणि पद्धत ह्यांत तिळमात्र फरक नसताना त्याच सापळ्याने एका हद्दीत रोग घटविला आणि हद्दीलगत वाढविला. रोगाचे नियमन सापळ्याच्या नियमात नव्हते. ते प्राण्याच्या परस्परसंबंधांत होते.

अलर्काच्या, म्हणजे रेबीजच्या, इतिहासातूनही हेच निघते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या उपसमितीने १९७३ साली ह्या विषयावर अहवाल दिला. रेबीजच्या नियंत्रणासाठी सापळ्यांच्या वा विषप्रयोगाच्या दीर्घकालीन मोहिमा चालविणे सोडून द्यावे, कारण त्यांनी रोगाचा प्रादुर्भाव घटतो ह्याला पुरावा नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. युरोपात कोल्हे मारण्याचे उपाय दीर्घकाळ चालू असताना १९७८ साली स्वित्झर्लंडमधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यात एक वेगळा प्रयोग झाला: कोंबड्यांच्या डोक्यांत लस भरून ती कोल्ह्यांसाठी रानात टाकण्यात आली. ह्या मार्गाने पुढे १९९९ साली तो देश कोल्ह्यांच्या रेबीजपासून मुक्त ठरला. आमिष तेच, कोल्हाही तोच. मात्र आमिषामागचे क्रियापद बदलले. कोल्हा मेला असता तर त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा, कदाचित रोगी, कोल्हा आला असता. लस मिळालेला कोल्हा आपली जागा अडवून बसला आणि रोगाला वाट उरली नाही.

५

पकडलेल्या प्राण्यांची मोजदाद हे सापळ्याच्या यशाचे गमक मानले की काय घडते, ह्याचे उदाहरण १९०२ सालच्या हनोई शहरात मिळते. फ्रेंच अंमलाखालील त्या शहरात नव्या गटारांबरोबर उंदीर वाढले. प्लेगच्या भीतीने प्रशासनाने मारलेल्या उंदरांबद्दल बक्षीस ठेवले. प्रेते मोजण्याची कटकट नको म्हणून पुरावा म्हणून केवळ शेपटी आणावी, असा नियम झाला. लवकरच शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर हिंडताना दिसू लागले, आणि शेपट्यांसाठी उंदीर पाळले जात असल्याचेही उघडकीस आले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर चिन्ह हे चिन्हितापासून सुटे झाले. शेपटी ही उंदराची खूण होती, मेलेला उंदीर हा टळलेल्या रोगाची खूण होती. प्रशासनाने तिसऱ्या पायरीच्या खुणेला पैसे दिले आणि त्याला तेवढीच खूण मिळाली.

त्याच सुमारास मुंबईत सापळ्याचा निराळा उपयोग होत होता. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. रोग कसा पसरतो ह्याविषयी कित्येक वर्षे मतैक्य नव्हते. १९०४ च्या सुमारास ग्लेन लिस्टन ह्यांनी प्लेगग्रस्त घरात सोडलेल्या गिनिपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा मोठ्या संख्येने गोळा होतात, असे दाखविले. त्यानंतर परळच्या प्रयोगशाळेतून काम करणाऱ्या प्लेग-संशोधन आयोगाने शहरभरातून उंदीर गोळा करून, कोणता उंदीर कोणत्या ठिकाणचा हे नोंदवून, त्यांची तपासणी केली. गटारांत व घरांच्या पायाशी राहणाऱ्या घुशीसारख्या उंदरांत साथ आधी, घरातल्या काळ्या उंदरांत त्यानंतर, आणि माणसांत त्याच्याही नंतर येते, हा क्रम त्यातून प्रस्थापित झाला. ह्या कामात सापळ्याचे मूल्य उंदीर कमी करण्यात नव्हते. प्रत्येक पकडलेला उंदीर हा शहराच्या नकाशावरील एक वाचनीय अक्षर होता. उंदराची शेपटी मोजणारे हनोई आणि उंदराचा पत्ता लिहून ठेवणारी मुंबई, ह्या दोहोंत फरक साधनाचा नाही.

प्लेगच्या काळातील मराठी बोलण्यात ‘उंदीर पडू लागले’ असा प्रयोग रूढ होता. क्रियापद अकर्मक आहे. उंदीर कोणी मारीत नाही, तो आपण होऊन पडतो. ते ऐकताच लोक घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहावयास जात. ‘उंदीर मारणे’ ह्या सकर्मक प्रयोगात माणूस कर्ता आहे. ‘उंदीर पडणे’ ह्या प्रयोगात तो वाचक आहे. आरोग्यशास्त्राने पुढे ह्या लोकप्रयोगाला पुष्टीच दिली. साथ चालू असताना पिसवांचा नाश करण्यापूर्वी उंदीर मारले, तर मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा नवा आश्रय शोधीत माणसाकडे वळतात. म्हणून आधी कीटकनाशक, मागून उंदीर, हा क्रम मान्य झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराच्या आत, १९९४ च्या ऑगस्ट महिन्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावातून पिसवांच्या उपद्रवाच्या व उंदीर मरून पडण्याच्या वार्ता आल्या, आणि त्यापाठोपाठ गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. जुन्या क्रियापदातला इशारा शतकाच्या अखेरीसही लागू होता.

६

ह्या सर्व चर्चेचा महाराष्ट्राशी सर्वात निकटचा आणि सर्वात वेदनादायक संबंध जुन्नर परिसरातील बिबट्यांच्या संदर्भात येतो. उसाच्या विस्तीर्ण शेतांत बिबटे वस्ती करून राहतात, गावातली कुत्री व शेळ्यामेंढ्या ह्यांवर जगतात, आणि क्वचित माणसांवर, पुष्कळदा लहान मुलांवर, हल्ला करतात. अशा प्रसंगी गावकऱ्यांची मागणी एकच असते: पिंजरा लावा. ह्या मागणीत अज्ञान पाहणे हा शहरी वाचकाचा उद्धटपणा ठरेल. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला आकडेवारीने उत्तर देता येत नाही. आणि पिंजरा हे शासन आले ह्याचे दृश्य चिन्ह असते. कायद्याचाही कल त्याच बाजूला आहे. माणसाच्या जिवास धोकादायक झालेला प्राणी पकडता, बेशुद्ध करता वा अन्यत्र हलविता येत नाही अशी खात्री झाल्यावाचून त्याला मारण्याचा आदेश देऊ नये, असे अधिनियमाचे ११ वे कलम सांगते. म्हणजे पिंजरा आणि स्थलांतर हा कायद्याच्या भाषेत सौम्य, दयाळू आणि नियमबद्ध मार्ग आहे.

तो मार्ग अवलंबिल्यावर काय झाले, ह्याचा अभ्यास विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी ह्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. १९९३ ते २००१ ह्या काळात जुन्नर भागात बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्यानंतर वस्तीच्या भागांत पकडलेले २९ बिबटे सरासरी सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले. ह्या स्थलांतरांनंतर २००३ पर्यंतच्या काळात हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली, आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. बॅजरांच्या बाबतीत दिसलेले तत्त्व येथेही लागू पडत असावे: परिचित हद्दीतून उखडलेला प्राणी अपरिचित माणसांच्या मुलखात जाऊन पडतो, आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा येतो. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत केवळ दर्शन झाले म्हणून बिबट्या पकडण्याच्या प्रथेला आवर घालण्याचा प्रयत्न आहे.

ह्यावरून पिंजरा कधीच लावू नये असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. एखादा विशिष्ट बिबट्या माणसांवर पुनःपुन्हा हल्ला करीत असेल, तर त्याला पकडून कायमचे बंदिस्त ठेवणे, आणि ते न साधल्यास मारणे, हे टाळता येत नाही. परंतु ‘हल्ला करणारा हा बिबट्या’ आणि ‘येथे दिसलेला एक बिबट्या’ ह्या दोन पदांतील भेद मराठी मथळ्यात पुसला जातो. पहिल्या घटनेनंतर त्या परिसरातला प्रत्येक बिबट्या ‘नरभक्षक’ होतो, आणि पिंजऱ्यात सापडलेला कोणताही बिबट्या ‘तो’ बिबट्या समजला जातो. ‘जेरबंद’ म्हणताना खरोखर कोण बांधला गेला, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला पाहिजे. गाव निश्चिंत झाले आणि हल्ला करणारा बिबट्या बाहेरच असला, तर ह्या शब्दाची किंमत पुढच्या मुलाला मोजावी लागते.

७

तात्पर्य, सापळ्याच्या बाजूने वा विरुद्ध सरसकट मत देणे हे दोन्ही पक्षांच्या सोयीचे असले तरी पुराव्याला धरून नाही. कॉइपूच्या बाबतीत सापळ्याने काम पुरे केले. बीव्हरच्या बाबतीत त्याला प्रयोजनाच्या चौकटीत बसविण्यात आले. परळच्या प्रयोगशाळेत त्याने ज्ञान दिले. बॅजर, कोल्हा आणि बिबट्या ह्यांच्या बाबतीत मात्र त्याने जे द्यावे अशी अपेक्षा होती ते दिले नाही, किंवा त्याच्या विपरीत दिले. यशाच्या आणि अपयशाच्या उदाहरणांना वेगळे करणारी रेषा सापळ्याच्या बनावटीतून जात नाही. काम केव्हा संपले ते आधी ठरले होते काय, पकडलेल्या प्राण्याची जागा कोण घेईल ह्याचा विचार झाला होता काय, आणि यश मोजताना प्राणी मोजले की रुग्ण, ह्या प्रश्नांच्या उत्तरांतून ती जाते. हे प्रश्न विचारल्यावाचून ‘नियमबद्ध’ हे विशेषण परिणामाला लावणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे होय.

एक प्रश्न आणखी उरतो, आणि तो न्यायाचा आहे. नियम असला की त्याच्या आत कोणी आणि बाहेर कोणी असतोच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कक्षेत पारधी समाज आणला गेला. १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही संशय पुसला गेला नाही. आणि १९७२ च्या अधिनियमाने त्यांच्या परंपरागत उपजीविकेचे साधन हाच अपराध ठरला. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी तो निर्बंध आवश्यक होता, हे मान्य करूनही एक विसंगती लक्षात येते. कोणत्या वाटेवर कोणता प्राणी केव्हा येतो, एक गेल्यावर दुसरा कोठून येतो, ह्या ज्ञानावर ज्यांची कुळनामे पडली, त्यांचा फास गुन्ह्यात जमा झाला. आणि त्या ज्ञानावाचून लावलेला पिंजरा व्यवस्थापनात जमा झाला. बॅजरांच्या हद्दींविषयी एका आयोगाला जे कळावयास अकरा हजार प्राणी आणि कित्येक वर्षे लागली, त्या जातीचे ज्ञान आपल्या रानांविषयी कोणाजवळ असू शकेल, ह्याची चौकशी करण्यास अद्याप वेळ गेलेली नाही. पारध्यांच्या बोलींतील प्राणिविषयक व साधनविषयक शब्दांचा पद्धतशीर संग्रह हे ह्या दिशेने पहिले पाऊल ठरेल, आणि ते वनखात्याइतकेच भाषाविभागांचेही काम आहे.